बायको जर्मनीला निघाली, तर माझं काय?

परदेशी जायचं की नाही, यावर मराठीत जे वाचायला मिळतं त्यात जाणारा बहुतेक वेळा पुरुष असतो. तो सॉफ्टवेअरवाला असतो, कंपनी त्याला पाठवते आणि बायको लोणच्याच्या बरण्या गुंडाळते. आमच्या घरी उलटं आहे. माझी बायको अतिदक्षता विभागात स्टाफ नर्स आहे. बीएस्सी नर्सिंग, अकरा वर्षांचा अनुभव. जर्मनीला हवी आहे ती. मी आयटीआय इलेक्ट्रिशियन, नागपुरात काटोल रोडवर माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. मला जर्मनीनं बोलावलेलं नाही. तिच्या अर्जात 'जोडीदार' नावाचा एक रकाना आहे, त्यात मी आहे.

विषय निघाला तो तिच्या पगारावरून. 2016 साली केंद्राच्या समितीनं शिफारस केली होती की पन्नास खाटांहून लहान खासगी रुग्णालयातही नर्सला किमान 20,000 रुपये द्या, आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सच्या बरोबरीनं द्या. शिफारस ती शिफारसच. हिच्या दवाखान्यात खाटा दोनशेच्या वर आहेत, पण हिच्याच बॅचची सरकारी नोकरीतली मैत्रीण हिच्या दुपटीहून जास्त घेते. त्यात रात्रपाळीला व्हेंटिलेटरवरचे तीन-तीन पेशंट एकटीच्या माथी. सकाळी घरी आली की अर्धा तास नुसती पंख्याखाली बसायची, बोलायची नाही. मी चहा ठेवून दुकानात निघून जायचो.

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, दहा हजार कुशल माणसं पाठवायचा. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीनं भारतीय कुशल कामगारांचे व्हिसे वर्षाला 20,000 वरून 90,000 करायचं जाहीर केलं. मग काय, हिच्या ड्युटी रूममध्ये दुसरा विषयच राहिला नाही. नर्सिंग झालेल्या पोरी जर्मनच्या क्लासला जाऊ लागल्या. हीसुद्धा गेली. आधी गंमत म्हणून, मग रात्रपाळीच्या आधी झोप मोडून.

पाठोपाठ एजंट आले. नागपुरातल्या बर्डीवरच्या एकानं आम्हाला साडेचार लाख सांगितले. त्यात भाषेचा क्लास, कागद आणि 'शंभर टक्के जॉब'. मी धंद्यातला माणूस आहे, शंभर टक्के म्हटलं की माझा हात आपोआप खिशावर जातो. चौकशी केली तेव्हा दोन गोष्टी कळल्या, आणि या मार्गानं जाणाऱ्या प्रत्येकानं त्या माहीत करून घ्याव्यात. एक, परदेशी नोकरीला माणसं पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो. ती यादी ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर आहे. अशा एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30,000 रुपये अधिक जीएसटी घेता येतात. दोन, नर्सच्या भरतीत खर्च मालकानं करायचा हे तत्त्व जर्मनीत बऱ्यापैकी रुजलंय. ते पाळणाऱ्या संस्थांना तिथलं सरकार 2022 पासून एक शिक्का देतं. म्हणजे भाषा शिकवायला पैसे तिकडून येतात. अर्थात फुकट काही नसतं. करारात कलम असतं की अमुक वर्षांच्या आत सोडून गेलात तर खर्च परत करा. ते कलम आम्ही दोघांनी बसून, एकेक ओळ बोट ठेवून वाचलं. एजंटाला मात्र नमस्कार केला.

मग पैशाचा हिशेब. सगळे इथूनच सुरू करतात, आम्हीही केला.

भारतातल्या पदवीला जर्मनीची मान्यता मिळालेल्या नर्सला तिथे महिन्याला तीन हजार युरोच्या वर पगार मिळतो. एक युरो म्हणजे आज शंभर रुपयांच्या आसपास. झालं, नातेवाईक इथेच थांबतात आणि तीन लाख म्हणून टाळ्या वाजवतात. पण पगारातून पेन्शन, आरोग्यविमा, बेकारीविमा आणि म्हातारपणाच्या शुश्रूषेचा विमा मिळून एक पंचमांशाहून थोडं जास्त कापलं जातं. कर वेगळा, पण जोडीदार कमवत नसेल तर तो बराच कमी बसतो. मुलीमागे 2025 च्या दरानं महिन्याला 255 युरो बालभत्ता मिळतो. असं सगळं धरून हातात अडीच-पावणेतीन हजार. त्यातून घरभाडं आणि हीटिंग मिळून मध्यम शहरातसुद्धा हजाराच्या आसपास, किराणा, 2025 च्या दरानं 58 युरोचा रेल्वे-बसचा मासिक पास, आणि टीव्ही असो वा नसो, प्रत्येक घराला रेडिओ-टीव्हीची 18.36 युरो वर्गणी. (हे शेवटचं वाचून बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.) महिन्याला शिल्लक पाच-सहाशे युरो. तेही तिची मान्यता पूर्ण झाल्यावर. तोपर्यंत पगार सहायकाचा, म्हणजे कमीच.

इकडे नागपुरात घर आपलं, भाडं नाही. तिचा पगार, माझं दुकान, आणि मार्च ते जून कूलरचा सीझन. मे अखेरीच्या नवतपात तर माझ्याकडे लोक रांग लावतात. कूलरची मोटर, कूलरचा पंप, बोअरवेलची सबमर्सिबल. त्या चार महिन्यांत मी जे कमावतो त्यावर दिवाळीपर्यंत निघतं. दोन्हीकडची शिल्लक शेजारी-शेजारी मांडली तर फरक होता, पण मुलूख सोडावा एवढा नव्हता. एका कमाईवर तिघं जगायचं म्हटलं की युरोची जादू ओसरते, हे आकड्यांनीच सांगितलं.

तरी त्या बाजूला एक गोष्ट अशी होती की तिला इकडे उत्तर नव्हतं. तिथल्या सरकारी आरोग्यविम्यात न कमावणारा जोडीदार आणि मूल त्याच हप्त्यात येतात, वेगळा पैसा लागत नाही. माझी बायको रोज बघते की एक आयसीयूची पायरी चढली की माणसाचं शेत जातं. ती म्हणाली, "अहो, पगार बाजूला ठेवा. आपल्यापैकी कोणी आजारी पडलं तर बिल बघून माझी छाती धडधडणार नाही, याची किंमत लावा ना." मला ती लावता आली नाही.

आता माझं काय, त्याकडे येतो.

तिचा परवाना झाला की नवरा म्हणून मला तिथे कुठलंही काम करायची मुभा आहे. कायदा आडवा येत नाही. मग मी माझ्या धंद्याचा तपास केला. मोटर इथली काय अन् तिथली काय, 230 व्होल्ट, 50 हर्ट्झवरच फिरते. जळालेली कॉईल काढायची, स्लॉट साफ करायचे, तार भरायची, वार्निश मारायचं, मेगर लावून बघायचं. वीस वर्षं हेच केलंय. तिथे मात्र इलेक्ट्रिकच्या आणि मोटर-मशीनच्या कारागिरीत स्वतःचं दुकान टाकायचं तर 'माइस्टर'ची, म्हणजे उस्ताद कारागिराची, परीक्षा पास लागते, नाहीतर शिकलेला कारागीर म्हणून सहा वर्षांचा अनुभव, त्यातली चार वर्षं जबाबदारीच्या जागेवर. आणि शिकलेला कारागीर मानायचं की नाही हे तिथलं कारागिरांचं मंडळ माझी आयटीआयची गुणपत्रिका आणि अनुभवाचे दाखले बघून ठरवणार. वीस वर्षांचा अनुभव आहे, पण दाखला कोण देणार? मालक मीच! स्वतःच स्वतःला 'हा इसम प्रामाणिक व कष्टाळू आहे' असं लिहून द्यायचं काय?

दुसरं म्हणजे कूलरची मोटर तिथे नाहीच, आणि घरगुती लहान मोटर कोणी भरून घेत नाही. मजुरी इतकी महाग की फेकून नवी आणतात. भरतात त्या कारखान्यातल्या मोठ्या मोटरी. ते काम मी केलंय, हिंगणा एमआयडीसीतल्या युनिटांचं. म्हणजे दार बंद नाही, पण आत शिरायचं तर पुन्हा हेल्पर म्हणून. चाळिशीला टेकलेला माणूस, ज्याला इथे चार पोरं 'भाऊ' म्हणतात, तो तिथे पंचविशीतल्या फोरमनला "मला परत एकदा हळू सांगा" म्हणणार, तेही मोडक्या जर्मनमध्ये.

पानठेल्यावर हा विषय माझ्या आधीच पोचला होता. "काय बे, वहिनीच्या व्हिसावर चाललास म्हणते?" एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, "मस्त आहे ना बाप्पा, तू पोळ्या शिकून घे." हसलो मीही. पण रात्री झोप लागली नाही. हाच खरा तोटा होता आणि तो कुठल्याही वहीत मांडलेला नव्हता. बायकांनी हे पिढ्यान्‌पिढ्या केलंय. नवऱ्याची बदली झाली की आपली नोकरी, मैत्रिणी, गाव सोडून मागे जायचं. माझ्या आत्यानं शिक्षिकेची नोकरी सोडली होती, काकांची चंद्रपूरला बदली झाली म्हणून. तेव्हा कोणी तिला विचारलं नव्हतं की आत्या, तुझं काय. माझ्या वाट्याला आलं तेव्हा मी मात्र त्यावर एवढं लिहितोय.

मी जर्मनच्या ए-वनचा, म्हणजे पहिल्या पायरीचा, क्लास लावला. कागदावर लागो न लागो, भाजी तर घ्यावी लागेल. क्लासात माझ्याहून मोठं कोणी नाही. मास्तरीण बाई माझ्या मुलीच्या वर्गशिक्षिकेहून लहान दिसतात. पहिल्या आठवड्यात बाकीचे 'मी विद्यार्थी आहे' म्हणत होते, मी 'मी मोटर दुरुस्त करतो' हे वाक्य पाठ करून गेलो. तेवढं अजून पक्कं आहे.

तिच्या बाजूनंही सगळं गोड नव्हतं, हे लिहिलं पाहिजे. उल्म शहरात हिची एक वर्ध्याची मैत्रीण आहे, नर्सच. तिनं व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा जे सांगितलं ते ऐकून ही गप्प झाली. आपल्याकडे पेशंटला पुसून घेणं, भरवणं, बेडपॅन देणं हे मावश्या आणि नातेवाईक करतात. बीएस्सी झालेली नर्स सलाइन, इंजेक्शन, मॉनिटर, औषधं बघते. तिथे पेशंटची आंघोळ, दात घासणं, डायपर बदलणं हे नर्सचंच काम, आणि ते हलकं मानत नाहीत. उलट शिरेतून द्यायची कित्येक इंजेक्शनं डॉक्टर देतात. "पहिलं वर्ष कोणी तुला हुशार समजत नाही," मैत्रीण म्हणाली. "तू आर्टेरियल लाइन सांभाळलेली असतेस आणि तुला विचारतात की चादर बदलता येते का."

म्हणजे लहान व्हायचं ते दोघांनीही. हे ऐकून मला आधार वाटला, हे कबूल करायला थोडी लाज वाटते.

पण त्याच कॉलवर मैत्रिणीनं दुसरंही सांगितलं. जर्मनीत अतिदक्षता विभागात दिवसा एका नर्सकडे दोनपेक्षा जास्त पेशंट देऊ नयेत आणि रात्री तीनपेक्षा, असा नियम आहे आणि त्याची नोंद ठेवावी लागते. माणूस कमी असेल तर खाट बंद ठेवतात. ही दोनदा म्हणाली, "खाट बंद ठेवतात?" तिच्या दवाखान्यात खाट बंद ठेवायची म्हटलं तर मॅनेजमेंटला चक्कर येईल. नंतर मला म्हणाली, "डायपर बदलीन मी. त्याचं काही नाही. पण चुकलं तर माझ्या हातून चुकलं असं व्हावं, माणूस नव्हतं म्हणून चुकलं असं नको."

त्या वाक्यानंतर मी तिला 'विचार कर' म्हणणं बंद केलं.

सगळ्यात जड बाजू आईबाबांची. काटोल तालुक्यात आमचा चार एकरांचा संत्र्याचा बगीचा आहे. बाबा अडुसष्टचे, गुडघे गेलेले, तरी रोज सकाळी झाडांत असतात. मी रविवारी जातो. फवारणी, ओलिताची मोटर, डिंक्या रोग लागलेल्या झाडाला बोर्डोची पेस्ट, आणि आंबिया बहाराच्या फळांची गळ मोजत हळहळणं. त्यांना सांगितलं तेव्हा ते शांत होते. म्हणाले, "जाशीन त जाय. मी कोन अडवनारा? पन हे झाडं काही व्हिडिओ कॉलवर पानी पेत नाई."

आई म्हणाली, "त्यायचं ऐकू नको. दरवर्षी बगीचा व्यापाऱ्याले देऊन टाकू, झाडावरचा माल तो तोडून नेते." हे खरंय, आमच्याकडे बहुतेक जण झाडावरच सौदा करतात. पण माल विकायला व्यापारी मिळतो, झाड जगवायला मिळत नाही. जमीनच कोणाला कसायला लिहून द्यावी, तर कूळ लागेल ही धास्ती आमच्या भागात अजून आहे. विदर्भाचा कूळकायदा वेगळा, 1958 चा, आणि त्याच्या गोष्टी बाबांना तोंडपाठ.

मग मी कायदा वाचायला घेतला, कारण गावात प्रत्येकजण वेगळं सांगत होता. कोणी म्हणे परदेशी गेला की सातबाऱ्यावरून नाव उडते. तसं काही नाही. परदेशी राहायला गेलेल्या भारतीयाला शेतजमीन नव्यानं विकत घेता येत नाही, पण आधीची ठेवता येते आणि वारसानं आलेलीही घेता येते. प्रश्न येतो तो नागरिकत्वाचा. जर्मनीनं 27 जून 2024 पासून दुहेरी नागरिकत्वाला मोकळीक दिली आणि पाच वर्षांनी अर्ज करता येईल असं केलं. भारत मात्र दुहेरी मानत नाही. आपल्या 1955 च्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलमच सांगतं की स्वेच्छेनं दुसऱ्या देशाचा नागरिक झालेला माणूस भारताचा राहत नाही. मग हातात येतं ओसीआय कार्ड, मूळच्या भारतीयांसाठीचं. त्यावर येता-जाता येतं, राहता येतं, मतदान नाही आणि शेत घेता येत नाही. 2023 या एका वर्षात 2,16,219 भारतीयांनी नागरिकत्व सोडलं. त्यांचे त्यांचे हिशेब असतील. आमच्या घरात हा मुद्दा एका मिनिटात संपला. नागरिकत्व घ्यायचं नाही. तिथे कुशल कामगाराला साधारण तीन वर्षांनी कायम राहण्याचा परवाना मागता येतो, तेवढा बास.

पण त्या परवान्यातही एक खोच आहे. सहा महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहिलं तर तो सहसा संपतो. उद्या बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं किंवा आईचं काही झालं, तर मी येऊन बसणार किती दिवस? बरं, त्यांना तिकडे न्यायचं म्हटलं, तर 1 मार्च 2024 नंतर पहिला परवाना मिळालेल्या कुशल कामगाराला आईवडील आणता येतात, आणि जोडीदार तिथे कायमचा राहत असेल तर सासूसासरेही. कागदावर फार सुंदर. पण त्यांचा आरोग्यविमा आपण काढायचा, आणि सत्तरीच्या बीपीवाल्या माणसाचा विमा कोण काढून देतो? बाबांना हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मले कायले नेता तिकडं? बर्फ पाहाले?"

ताई अमरावतीला असते. तिनं सांगितलं, "दवाखान्याचं मी बघीन, शेताचं तू ठरव." भाऊबहिणीत असं स्पष्ट बोलणं फार कमी घरांत होतं. तिच्या त्या एका फोननं माझं निम्मं ओझं उतरलं. आंबिया बहार व्यापाऱ्याला द्यायचा, झाडांची निगा राखायला गावातला एक माणूस पगारावर ठेवायचा, पाण्याच्या मोटरला मोबाईल स्टार्टर बसवायचा. तो मीच बसवला. आता तो बाबांऐवजी मीच दुकानातून चालू करतो, आणि बाबा फोन करून सांगतात की पाच मिनिटं जास्त चालली.

एवढं सगळं ठरत आलं होतं. बेत असा, की ही आधी एकटी जाईल, दीड-दोन वर्षांत मान्यता पूर्ण करेल, पूर्ण पगार सुरू झाला की मी आणि पोरगी जाऊ. तोवर दुकान चालू, कर्ज नाही, धोका नाही. घरातले मोठे, शेजारी, बँकेतला मित्र, सगळे म्हणाले की हाच शहाणपणाचा मार्ग.

त्यात मुलीचं काय, हे कोणी बघितलंच नव्हतं. पोरगी तिसरीत आहे.

जर्मनीत बहुतेक राज्यांत प्राथमिक शाळा चौथीपर्यंत. चौथीच्या शेवटी, म्हणजे दहाव्या वर्षी, मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. पुढे विद्यापीठात जायचं असेल तर सरळ रस्ता गिम्नाझियुम, बाकीच्यांना दुसऱ्या शाळा. नंतर बदलता येतं म्हणतात, पण चढण आहे. आता आमचा शहाणपणाचा बेत यावर ठेवून बघा. पोरगी दीड-दोन वर्षांनी, भाषा न येता, नेमकी त्या वाटणीच्या तोंडावर जाऊन उभी राहणार. बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये तर गिम्नाझियुमच्या प्रवेशाचे नियम अलीकडेच पुन्हा कडक झालेत. आपल्या सोयीचा धोका आपण उचललाच नव्हता, तो आठ वर्षांच्या पोरीच्या दप्तरात टाकला होता.

ही गोष्ट कळल्यावर आमचा सगळा तराजूच हलला. पैशाचं, शेताचं, माझ्या मानाचं पुढेमागे करता येतं. पोरीचं वय कोणासाठी थांबत नाही.

मग लवकर न्यायचं की जायचंच नाही, यावर आम्ही खूप वाद घातला. भांडलो म्हटलं तरी चालेल. मी म्हणालो, राहू दे मग, नको जायला. ती म्हणाली, "हे तुम्हाला आधीपासूनच हवं होतं." त्यात तथ्य होतं का? थोडं होतं.

वाट सापडली ती नकाशात. बर्लिन आणि त्याच्या भोवतीचं ब्रांडेनबुर्ग, या दोन राज्यांत प्राथमिक शाळा चौथीपर्यंत नाही, सहावीपर्यंत आहे. वाटणी दोन वर्षं उशिरा होते. जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी बर्लिनमध्ये सुरुवातीला वेगळे वर्गही असतात. म्हणजे पोरगी चौथीच्या वयात जरी गेली तरी भाषा पकडायला तिला दोन-अडीच वर्षं मिळतात. आम्ही ज्या राज्याचा करार वर्तमानपत्रात वाचून निघालो होतो ते राज्यच बदललं. बर्लिनमध्ये घर मिळणं महामुश्कील म्हणतात, म्हणून हिनं ब्रांडेनबुर्गमधल्या रुग्णालयांकडे अर्ज टाकायला सुरुवात केली.

त्यालाही दुसरी बाजू आहेच. ब्रांडेनबुर्ग हा जुन्या पूर्व जर्मनीचा भाग. सप्टेंबर 2024 च्या तिथल्या निवडणुकीत परदेशी माणसांच्या येण्याला विरोध करणाऱ्या एएफडी पक्षाला 29 टक्क्यांच्या वर मतं पडली, पहिला नंबर थोडक्यात हुकला. सावळ्या रंगाची पोरगी बसस्टॉपवर एकटी उभी असेल तेव्हा या आकड्याचा अर्थ काय, ते मला इथून कळत नाही. उल्मच्या मैत्रिणीनं सांगितलं, तिला चार वर्षांत दोनदा कोणीतरी वाईट बोललं आणि दोन्ही वेळा वॉर्डातल्या सहकाऱ्यांनी तिची बाजू घेतली. उल्म मात्र पश्चिमेला आहे. हा मुद्दा आम्ही खोडला नाही. तो तसाच ठेवून पुढे गेलो. मोठ्या गावात राहायचं, आणि पहिल्या वर्षी पोरीला शाळेत सोडायला-आणायला मी. नाहीतरी मी रिकामाच असणार.

थंडी, अंधार, रविवारी बंद दुकानं, तर्री पोहे नाहीत, पोळ्याला पोरीच्या हाती लाकडी नंदी नाही... हे सगळं वहीत होतं. ते मोजायचं नसतं, सोसायचं असतं. एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकली. रविवारी तिथे ड्रिल किंवा ग्राइंडर चालवला तर शेजारी तक्रार करतात. माझं आयुष्य रविवारी ग्राइंडर चालवण्यात गेलंय.

आता कुठे आलोय ते सांगतो. ही पुण्याला मॅक्सम्युलर भवनात जर्मनच्या बी-टू पातळीची परीक्षा देऊन आली. चार भाग असतात, प्रत्येकात शंभरपैकी साठ लागतात. तीन भाग निघाले, लिहायचा राहिलाय, तो पुन्हा द्यायचा. ब्रांडेनबुर्गमधल्या एका रुग्णालयाशी बोलणं चालू आहे. करारातल्या त्या परतफेडीच्या कलमावर हिनं स्वतः जर्मनमध्ये दोन प्रश्न विचारले आणि मुदत थोडी कमी करून घेतली. मी शेजारच्या खोलीत कान देऊन बसलो होतो. कळलं काही नाही, पण आवाज माझ्या ओळखीचा होता. आयसीयूत एखाद्या ज्युनिअर डॉक्टरला डोस पुन्हा तपासायला लावताना तिचा तोच आवाज असतो.

ठरलंय असं की ती आधी जाईल, आणि मान्यतेची वाट न बघता, वर्षाच्या आत आम्ही दोघं जाऊ, मात्र घराच्या जागेची आणि उत्पन्नाची अट तेवढ्यात बसली तर. मान्यता मिळेपर्यंतचं वर्ष-दीड वर्ष साठवलेल्या पैशावर काढायचं. त्यासाठी दुकानाच्या मागच्या प्लॉटचा विचार सोडून दिला. पोरगी माझ्याबरोबर बसून जर्मन शिकते आणि माझे उच्चार सुधारते. माझ्या अनुभवाच्या दाखल्यावरही तोड निघाली. जुनी बिलबुकं, जीएसटीची नोंदणी, आणि हिंगण्याच्या दोन कारखान्यांच्या मेंटेनन्स मॅनेजरांनी लेटरहेडवर लिहून दिलेलं पत्र, त्यात किती हॉर्सपॉवरच्या मोटरी भरल्या त्यासकट. ते मंडळ अर्धी मान्यता देईल, उरलेलं तिथे शिकावं लागेल असा अंदाज आहे.

दुकान बंद करत नाही. माझा कारागीर बंटी चालवेल. मशीन माझी, माल त्याचा, नफ्यात ठरलेला वाटा. तार, वार्निश आणि बेअरिंगचं उधार-खातं त्याच्या नावावर करून दिलं. परवा लिखापढी झाल्यावर त्यानं जरा अडखळतच विचारलं, "भाऊ, बोर्डावरचं नाव बदलू काय?" मी म्हटलं, "नाव राहू दे बे. मोबाईल नंबर तेवढा तुझा टाक. कूलरच्या सीझनमध्ये लोक मला जर्मनीत फोन करतील."